बांधापलीकडचा सभासद

आठांपैकी सात हात वर गेले. बेबाबाईंचे दोन्ही हात मांडीवरच राहिले.

पॅकहाउसच्या पत्र्याखाली सतरंजी अंथरून सगळे बसले होते. मागे तुरटीच्या पाण्याच्या हौदात केळीच्या फण्या तरंगत होत्या. फैजपूरजवळच्या नऊ शेजाऱ्यांनी मिळून केलेला हा गट. बागा वेगवेगळ्या, माल एका नावाने. त्या नावाचा युरोपला जाणारा पहिला कंटेनर संध्याकाळी भरायचा होता. त्याआधी नवव्या सभासदाचं, कौतिकचं, काय करायचं ते ठरायला हवं होतं.

कौतिक दाराशी उभा होता. थंडीत त्याच्या बागेवर करपा आला, तेव्हा त्याने ओळखीच्या दुकानदाराने दिलेलं औषध फवारलं. ते युरोपात चालत नाही. गटाला त्याने सांगितलं नाही. नमुन्याच्या तपासणीत ते निघालं. त्याचा माल बाजूला काढला होता. आता त्यालाच बाजूला काढायचं होतं. गटाबाहेर पडला, तर पिकत आलेली केळी तो एकटा कोणाला विकणार, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

माल घेणाऱ्या कंपनीचा जुनैद सकाळीच भुसावळहून आला होता. त्याने सगळं समजावून सांगितलं होतं. तिकडे सत्तावीस देशांचा संघ, सगळ्यांचं कुंपण एकच. एका बंदरावर माल पास झाला, की पुढे कुठल्याही देशात जायला मोकळा. एका बंदरावर पकडला गेला, की खबर सगळ्या देशांना.

"आणि त्यांच्यातलाच एखादा देश वाकडा चालला तर?" गटातल्या तोतारामने विचारलं होतं. "हाकलून देत असतील ना?"

"तशी सोय नाही, आबा. ज्याला जायचं त्याने आपण होऊन जायचं. फार तर त्याचं मत गोठवता येतं. त्यासाठीसुद्धा आधी बाकीच्या सगळ्यांचं एकमत लागतं."

"मग कसला आला संघ? आपला गट बरा. आपुन काढू तरी शकतो."

गट काढू शकत होता. पण बाकी आठही जण 'हो' म्हणाले तरच.

बेबाबाईंचा हात सगळ्यांत आधी वर जाईल, असं सगळे धरून चालले होते. त्यांची दोन एकरांची बाग कौतिकच्या बागेला लागून. मधल्या बांधावरून भांडण झालं, मोजणीदार येऊन गेले, पोलीस पाटील येऊन गेले. पुढे बोलणंच बंद झालं. या भागात वारा अडवायला बागेभोवती शेवरी लावतात. बेबाबाईंनी बांधावर ती इतकी दाट लावली, की पलीकडचं माणूसही दिसू नये. गटाच्या नियमाने कोणीही सभासद कोणाच्याही बागेत जाऊन पाहू शकत होता. तो बांध मात्र दोघांपैकी कोणी ओलांडला नव्हता.

त्यात आज जुनैदने आणखी एक गोष्ट सांगितली होती. बेबाबाईंच्या कडेच्या ओळींतही तेच औषध सापडलं होतं. थोडं, मर्यादेच्या आत. माल पास झाला होता. पण त्यांनी ते कधी फवारलंच नव्हतं.

"अक्का, हात जड झाला का?" तोताराम म्हणाला. "मी उचलून धरू?"

कोणीतरी हसलं. बेबाबाई हसल्या नाहीत.

"मी नही म्हनते," त्या म्हणाल्या. "त्याले काढू नका."

गटाचे प्रमुख रतिलालनाना पुढे सरकले. "अक्का, पुढच्या खेपेला याचा एक घड चुकून आपल्या मालात गेला, तर सगळ्यांची नाकाबंदी. तुमचीसुद्धा."

कौतिकने पायांत चपला अडकवल्या. त्याचा चेहरा उतरला होता. "राहू द्या, नाना. मी चाललो. या बाईच्या दयेवर मले राह्यचं नही."

"दया कोन करू रायलं तुह्यावर?" बेबाबाईंचा आवाज चढला. "तू गटातून जाशीन. तुही बाग कुठी जाईन? बांध तिथंच, वारा तिथलाच. तू फवारशीन आन् माह्या केळीवर येईन. तवा मी कोन तुले इचारनारी? आज सभासद आहे, तं तुह्या बागेत येऊन तुहा पंप हुंगू शकते."

कौतिक दारातच थांबला.

"उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या. "फवारनीचा ड्रम दाखवजो. आन् माहाबी पाहून जाय. नियम दोघाईले आहे."

रतिलालनानांनी हळूच हात खाली घेतला. मग एकेक करून बाकीचे हात खाली आले. तोतारामचा सगळ्यांत शेवटी.

कौतिकने चपला काढल्या. बाह्या वर सारल्या आणि तो हौदाशी जाऊन फण्या धुवायला लागला. त्यात त्याची एकही नव्हती.

जुनैद आपली बॅग आवरत होता. रतिलालनाना त्याच्याजवळ आले.

"पोरा, एक सांग. तिकडे शेजाऱ्यांनी असं एकत्र यायचं, हे आधी सुचलं कोणाला? ज्यांचं आपसात चांगलं होतं, त्यांनाच ना?"

जुनैदने हौदाकडे पाहिलं. बेबाबाई कौतिकने धुतलेली फणी उचलून उजेडात फिरवून पाहत होत्या.

"नाही, नाना," तो म्हणाला. "ज्यांच्या सगळ्यांत जास्त लढाया झाल्या होत्या, त्यांना."