पंधरा मिनिटांची वाळू

"अजून टाक रे रोक्को. मांडी उघडीच आहे," फिलोमेना म्हणाली.

"पुरे आता, काकू. आणखी टाकली तर पाद्रीबुवांनाच बोलवावं लागेल."

"आधी तुझ्या तोंडात टाक."

रोक्को हसला आणि शेवटचं फावडं रिकामं केलं. म्हातारीचं आता फक्त डोकं वर होतं. बाकी सगळी ती काळ्या, तापलेल्या वाळूखाली. सांधेदुखीची माणसं उपचार म्हणून या किनाऱ्यावर दरवर्षी अशीच पुरून घेत.

ओर्सोलाने सासूच्या डोक्याशी छत्री रोवली, कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. बारा वाजून दहा.

"पंधरा मिनिटं, वर एक नाही," रोक्को म्हणाला. "जीव घाबरा होतो. आतून कुणाला उठता येत नाही, तेव्हा आधी छातीवरची वाळू काढा. मास्तरीणबाई आहेत म्हणून जेवायला जातोय."

"मी आहे ना. जा तुम्ही."

तो गेला. भर दुपारी किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं. वर खानावळीच्या मांडवातून ताटल्यांचा आवाज येत होता.

फिलोमेनाने पूर्वी इथला एकही उन्हाळा चुकवला नव्हता. मागच्या उन्हाळ्यात मात्र ती फिरकली नव्हती. यंदा गुडघे जिना चढू देईनात, तेव्हा ओर्सोलाच मागे लागली. गावातल्या बायका म्हणायच्या, नवरा पोराला घेऊन जर्मनीला निघून गेला, तरी सासूचं सगळं करते. देवमाणूस आहे.

ओर्सोला देवमाणूस नव्हती. पत्ता फक्त सासूकडे होता.

दोन वर्षांपूर्वी शिक्षिकेच्या परीक्षेसाठी ती आठ दिवस सालेर्नो शहरात गेली होती. परतली तेव्हा घरात सासू एकटी. नवऱ्याला, साव्हेरिओला, कारखान्यात काम मिळालं आणि तो चार वर्षांच्या बियाजोला घेऊन गेला, असं सासूने सांगितलं. पोर टाकून परीक्षेला जाणारी आई त्याला नको होती म्हणे. पोलिसांनी खांदे उडवले. बापानेच नेलंय ना, मग तक्रार कसली?

तेव्हापासून ती दर थंडीत एक स्वेटर विणायची, आधीच्यापेक्षा दोन बोटं मोठा. सासू तो पोस्टात टाकायची.

"लाल स्वेटर बसला का हो त्याला?"

"बसला म्हणे."

"बाह्या आखूड नाही झाल्या?"

"नाही म्हणे. पाणी दे."

ओर्सोलाने बाटली तिच्या ओठांना लावली. "आणि पाय? अजून आत वळतात?"

म्हातारीने डोळे मिटले. "डॉक्टर, डॉक्टर करत फिरलीस, काय झालं? पुस्तकं वाचून पोरं वाढत नाहीत, मास्तरीणबाई."

ओर्सोलाने बाटलीचं बूच लावलं. येत्या हिवाळ्याआधी तो शाळेत जाणार होता. पहिल्या दिवशी त्याचा भांग कोण पाडेल, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

बारा पंचवीस झाले. ती जागची हलली नाही.

"वेळ झाली ना गं?"

"झाली."

"मग काढ की."

"पत्ता सांगा, आई."

म्हातारीने मान वळवायचा प्रयत्न केला. "गंमत पुरे. छाती धडधडतेय माझी."

ओर्सोलाने छत्री मिटली. कपाळावरची पट्टी उचलून बाजूला ठेवली. नजर घड्याळावरून ढळली नाही.

"मंगळवारची गाडी आहे. मी त्याला आणणार नाही. लांबून बघेन आणि परत येईन. गाव सांगा, रस्ता सांगा. लगेच वाळू काढते."

"साव्हेरिओने शपथ घातलीय मला."

"एकोणीस मिनिटं झाली."

"मी मेले तर तुरुंगात सडशील."

"सडेन. वीस."

म्हातारीचा चेहरा जांभळट लाल झाला होता. तिने खांदा उचलायची धडपड केली. वाळूला तडा गेला आणि तो पुन्हा बुजला.

"नको जाऊस तिकडे," ती धापा टाकत म्हणाली. "साव्हेरिओ एकटाच आहे तिथे."

ओर्सोलाचा घड्याळ धरलेला हात खाली आला. "आणि बियाजो?"

"पाय सरळ होतील म्हणून मीच आणला त्याला इथे," फिलोमेना म्हणाली. "लहान पोराला पाचच मिनिटं ठेवायचं असतं. माझा डोळा लागला."