तापट

बर्फावर घसरून डोकं आपटल्यापासून तुर्कू शहरातला बसचालक रौनो घरीच होता. पुन्हा बस हातात हवी, तर मेंदूची चाचणी देणं भाग होतं. आकडे उलटे म्हणून झाले, शब्द आठवून झाले. दोन तासांनी समोर रंगीत ठोकळे आले, तेव्हा त्यानं ते हातानं दूर लोटले.

"मी काय बालवाडीत आलोय?"

"इथे पास-नापास नसतं," मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "हल्ली चिडचिड वाढलीय का?"

"छे. मी पहिल्यापासून तापटच. बाहेर बायको बसलीय, विचारा तिला."

बाईंनी सेइयाला आत बोलावून तेच विचारलं.

सेइया खाली बघत म्हणाली, "एकतीस वर्षांत यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. पडल्यानंतर पहिल्यांदा ऐकला."