मूठ

घंटा वाजली तसा मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला, पेचकस उचलला आणि सुनेकडे अशा नजरेने पाहिलं, की घे, पाळला तुझा कायदा.

सून भिंतीवरच्या तक्त्यापाशी उभी होती. तक्ता कालच लागला होता. टेबलांच्या त्या कारखान्यात आता कुणीही एक अवजार सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त धरायचं नव्हतं. घंटा झाली की रंधेवाल्याने पेचकस घ्यायचा, पेचकसवाल्याने काचकागद, काचकागदवाल्याने रंधा. प्रत्येकाच्या नावापुढे तीन रंगांचे रकाने, पट्टीने आखलेले. एवढी सगळी आखणी तिने एका माणसासाठी केली होती, आणि तो एक सोडून सगळ्यांना ते कळलं होतं.

मिस्त्रींच्या उजव्या मनगटातली शीर दबत होती. हात असाच राबला तर वर्षभरात रंधा सोडा, चमचासुद्धा धरता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यावर मिस्त्रींनी त्यांना, तुमच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, एवढंच सांगितलं आणि उठून आले. अशा सासऱ्याला एकट्याला थांबा म्हणायची सोय नव्हती. हट्टाने दुप्पट रंधा मारला असता. म्हणून थांबायचं ते सगळ्यांनी.

"सूनबाई, शिंकायचं कधी ते लिहायचं राहिलं."

"शिंका मोकळ्या ठेवल्यात, मामा."

दोघंतिघं हसले. मिस्त्री मान खाली घालून स्क्रू पिळू लागले. तिसऱ्या स्क्रूला त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट हळूच आवळलं. सुनेने पाहिलं, आणि तक्त्याकडे पाहत असल्यासारखं केलं.

पॉलिशवाली मावशी टेबलाच्या पायावर फडकं फिरवत होती. "ताई, एक विचारू? अवजार बदललं. मूठ कुठे बदलली?"

"म्हणजे?"

मावशीने फडकं मांडीवर ठेवलं आणि रिकामी मूठ आवळून दाखवली. "रंधा असाच धरायचा. पेचकस असाच. काचकागदाचा ठोकळाही असाच. मनगट काय तुमचा तक्ता वाचायला येतं?"

सुनेने मूठ आवळली, उघडली, पुन्हा आवळली. मग तक्ता पाहिला. तीन रकाने, आणि तिन्हींत एकच मूठ. रंग मात्र सुरेख जमले होते.

तिने स्टूल ओढलं, प्रत्येकाच्या नावापुढचा मधला रकाना खोडला आणि तिथे लिहिलं, 'तपासणी'. त्या कारखान्यात रंधा मारलेली फळी डोळ्यांनी तपासत नसत. तिच्यावरून उघडा तळहात फिरवायचा. उंचसखल काय असेल ते हाताला लागतं.

"बसून हात फिरवायचा?" मिस्त्री म्हणाले. "ते पेन्शनीतल्या माणसाचं काम."

"मामा, घाईने केलेली फळी पास करायला तुमच्याखेरीज कोण आहे?"

ही मात्रा लागू पडली. घाई म्हणजे दुसरा सुतार. त्याचं खरं नाव घरच्यांखेरीज कुणी वापरत नसे. त्याने फळी आणून मिस्त्रींपुढे टेकवली आणि नेहमीप्रमाणे भांडायच्या तयारीने उभा राहिला.

मिस्त्रींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत उजवा तळहात फिरवला. मधल्या भागात रंधा उडून लाकूड जरा वर राहिल्याची खूण होती. खिडकीच्या उजेडात तिची बारीक सावली पडली होती. हात तिच्यावरून न अडखळता गेला.

"चालेल."

आपली फळी पास व्हावी म्हणून घाईने आजवर मिस्त्रींचं डोकं खाल्लं होतं. तोच खाली मान घालून म्हणाला, "नाही मिस्त्री. एक हात मारून आणतो परत."

"ठेव ती."

मिस्त्रींनी पुन्हा हात फिरवला. या वेळी डोळे मिटून, सावकाश. मग डोळे उघडून सावली पाहिली, आणि ती बोटं कुणीतरी उसनी दिल्यासारखी ते त्यांच्याकडे बघत राहिले. सून एक पाऊल पुढे झाली. मावशीने तिच्या पदराला धरून तिला मागे ओढलं.

बऱ्याच वेळाने मिस्त्रींनी उजवा हात मांडीवर उलथा ठेवला आणि डावा फळीवर टेकवला. त्या हाताने जन्मभर उजव्यासाठी फळ्या दाबून धरल्या होत्या, दुसरं काही नाही. परक्या घरात शिरल्यासारखा तो दबकत दबकत निघाला. मधोमध येऊन थांबला. एक इंच मागे आला.

"इथे. केसाएवढं वर आहे." मग, कुणाकडेही न पाहता, "पेन्सिल."

सुनेने पेन्सिल पुढे केली, सवयीने उजव्या हाताकडे. त्यांनी ती डाव्याने घेतली आणि खुणेभोवती गोल काढला. पहिलीतल्या पोराने काढावा तसा, एका बाजूला फुगलेला, तोंड न मिळालेला.

ज्यांच्या हातची वाकडी रेघ आजवर कारखान्यात कुणी पाहिली नव्हती, ते त्या गोलाकडे क्षणभर पाहत राहिले. खोडरबर खिशात होतं.

"पुढची आण," ते घाईला म्हणाले.