काजूच्या चिकाचा डाग

ओरोसच्या होस्टेलवर नर्सिंगच्या मुली त्वचेच्या धड्याची उजळणी एकमेकींच्या हातावर करत. ऋताच्या वाट्याला नेहमी जॉयसचा हात यायचा, गोरा आणि नितळ. ऋताच्या मनगटावर मात्र लहानपणी काजूच्या बिया भाजताना उडालेल्या चिकाचा काळा डाग होता. जॉयसच्या हाताशेजारी तो तिला आणखीच काळा दिसे.

त्या दुपारी तिने जॉयसच्या मनगटावर बोट टेकवलं. "बाह्यत्वचा. तिच्याखाली अंतस्त्वचा. मग चरबीचा थर." प्रत्येक थराला बोट जरा जास्तच दाबलं गेलं. ही कातडी आपल्याला का मिळाली नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

बोट उचललं, तर खाली काळा डाग होता.

"ह्यो कसलो गो?" ऋताने घाबरून विचारलं.

"काजूचो चीक उडालेलो, ल्हानपणी," जॉयस वहीतून मान वर न करता म्हणाली.

ऋताने आपलं मनगट पाहिलं. ते नितळ होतं.

इतक्यात जॉयसची आई रोझालिना दोदोलच्या वड्यांचा डबा घेऊन दारात आली. जॉयसकडे न बघता ती सरळ पुढे आली आणि तिने ऋताचा हात हातात घेतला.

"हात इतको थंड कित्याक गो तुजो, जॉयस?"