चेस्टनट, चौघांसाठी

काल संध्याकाळी चेस्टनटचं झाड नामशेष झालं, आणि ते मीच केलं. आयोजकांनी आज काढलेल्या पत्रकानुसार मात्र असं काही घडलेलंच नाही. रोगाने मरणाऱ्या चेस्टनटवर ताईने चौघांसाठी रचना बांधली होती. झाडं मरतील तसं एकेका वादकाने उठून विंगेत जायचं. शेवटी उरलेल्या माझ्या चेलोने कोंबाची धून वाजवली की तिघांनी परत यायचं. पडदा उघडण्याआधी ताई म्हणाली, "तुझा हा शेवटचाच कार्यक्रम हं. पुढच्या वेळेपासून तुझे भावोजी वाजवतील." भावोजी दातांचे डॉक्टर आहेत. तिघे गेल्यावर मी कोंब फुटूच दिला नाही. मरणाचीच धून घोळवत बसलो. रसिक हुंदके देत होते. "मेल्या, कोंब काढ!" विंगेतून ताई फिसकारली. चाळीस मिनिटांनी पायाशी चिठ्ठी सरकली: "खाली सही करणाऱ्या तिघांची मंचावर तातडीने पुनर्लागवड करण्यात यावी, ही नम्र विनंती."