राहिलेलं कडवं

शंभर वर्षांपूर्वीच्या एका तबकडीवर कुणी गोंड बाई गात होती. देवळीच्या रत्नदीपनं तिच्या आवाजाभोवती ढोल आणि कीबोर्ड रचून नवं गाणं बांधलं. अर्थ कळावा म्हणून त्यानं ते शेजारच्या म्हाताऱ्या सखूबाईंना ऐकवलं. त्यांची बोली गोंडीच.

सखूबाईंचा चेहरा उतरला. "बापू, हे मेलेल्या मानसाले घरी बोलावाचं गानं हाये. ये म्हटल्यावर शेवटी जाय बी म्हना लागते. ते काऊन कापलं?"

"मी नाई कापलं, आजी. तबकडीच तेवढ्यात संपली."

"म्हंजे तो आला, अन् त्याले जाय कोनी म्हटलंच नाई!"

रत्नदीपनं माइक पुढं केला. सखूबाईंनी डोळे मिटून राहिलेलं कडवं म्हटलं. रेकॉर्डिंग लावून पाहिलं, तर त्यांचा आवाज थांबल्यावर एका पुरुषाचा हलका आवाज आला. गोंडीतलाच एक शब्द. खोलीत तर हे दोघंच होते.

"काय म्हणते तो?"

सखूबाईंनी पुन्हा ऐकलं. "येतो, म्हन्ते."

घरातून निघताना आपणही हेच म्हणतो, अशी रत्नदीपनं मनाची समजूत काढली, आणि तरी उठून दाराला कडी लावली.