बुधवारचा देव

जयवंतने पट्ट्याला खिळ्याने आणखी आत पाचवं नवं भोक पाडलं. आरशात पोट अजून सुटलेलंच दिसत होतं.

घरात मात्र कौतुक होतं. जन्मात देवाला हात न जोडलेला मुलगा सोमवार, गुरुवार, शनिवार उपास धरतो, हे आईने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. मग मंगळवारी गणपती आला, शुक्रवारी देवी. तो साबुदाण्याची खिचडीही नको म्हणायचा. "फार कडक आहे हो त्याचं," आई म्हणायची.

आज बुधवारीही त्याने ताट बाजूला सारलं. "उपास आहे."

"कुणाचा?"

त्याला देव सुचेना.

पट्ट्याचं लोंबणारं टोक आईने पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग ताटात भात वाढला, वर तूप सोडलं.

"नाव आठवलं की सांग," ती म्हणाली. "त्याच्याशी काय बोलायचं ते मी बोलते. तू जेव."